एकट्याची का दोघांची

२ ऑगस्ट

होडी घ्यायची म्हणायलेत हे! होडी! चारठाण्यात!

नळाला आठ दिवसाला पाणी येतं. त्या दिवशी सगळी गल्ली हंडे घेऊन पळती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार – आणि ह्यांना अंगणात होडी पाहिजे.

नेव्हीतून रिटायर होऊन दीड वर्ष झालं. ह्या दीड वर्षात आज पहिल्यांदा स्वतःहून मला काही दाखवलं. मी चहा दिला, त्यांनी मोबाईल पुढं केला. दोन होड्यांचे फोटो. शिडाच्या. जीपच्या मागं ट्रेलर जोडायचा, त्यावर होडी, जिंतूरवरून येलदरीच्या धरणावर न्यायची, पाण्यात सोडायची, संध्याकाळी परत घरी. योगीराज म्हणून ह्यांचा नेव्हीतला दोस्त आहे, मूळ सोनपेठचा, आता मुंबईला असतो. त्याच्या ओळखीच्या क्लबात जुन्या होड्या काढून टाकायलेत. त्यातल्या दोन. एक एकट्यानं चालवायची, एक दोघांनी.

"कोणती घ्यावी?" म्हणले.

मला वाटलं मला विचारलं. मी तोंड उघडलं. तर ते मोबाईलशीच बोलत होते!

मला विचाराल तर कोणतीच नको. पण ह्या वहीत तरी खरं लिहावं. दोघांची घेतली तर त्यातली दुसरी जागा माझी असती का, एवढंच मला बघायचंय. विचारणार मी नाही. जीभ झडली तरी नाही.

३ ऑगस्ट

मोबाईलवर दिवसभर – वजन किती, लांबी किती, ट्रेलर कसला. माझ्याशी बोललेले शब्द – मीठ, टॉवेल, चावी.

७ ऑगस्ट

अंगणात पांढरी फक्की टाकून दोन्ही होड्या आखल्यात. कबड्डीचं ग्राउंड आखावं तशा. मापात कशा दिसतेत बघायचंय म्हणे. मला ताकीद – झाडायचं नाही, सडा टाकायचा नाही. मग श्रावणात अंगण पारोसं ठेवायचं का? ठेवलं.

एकट्याची म्हणजे निव्वळ फळी आहे हो! चौदा फूट लांब, मधी पाय घालायला एक खड्डा. माणूस काठावर बसतो, ढुंगण पाण्याला टेकायला. एक डोलकाठी, एक शीड, मागं सुकाणू, संपलं. दोघांची तिच्याहून रुंद आहे, आत नीट बसायला जागा. मोठ्या शिडाच्या पुढं अजून एक छोटं शीड. मागचा माणूस सुकाणू धरतो, पुढचा ते छोटं शीड ओढतो नाहीतर सोडतो. पुढच्याशिवाय तिचं पान हलत नाही.

हे जिंतूरला गेले. मी दाराला कडी लावली आणि जाऊन दोघांचीच्या पुढच्या जागेवर बसले. सेहेचाळीस वर्षांची बाई, फक्कीच्या होडीत! बबिता, माझी धाकटी जाऊ, भिंतीवरून डोकावली.

"ताई, काय करायलाव?"

"तांदूळ निवडायले," म्हणलं. हातात सूपही नव्हतं.

१२ ऑगस्ट

योगीराजचा फोन. हे स्पीकरवर टाकूनच बोलतेत, जहाजावरची सवय, सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

तो म्हणला, "हरिओम, डोळे झाकून दोघांची घे. तुझा हात तिच्यावर बसलेला हाय. आपुन दोघांनी किती रेसा मारल्या तिच्यात."

हे म्हणले, "अरे, पण दुसरा माणूस कुठून आणू? इथं हाय कोण?"

इथं हाय कोण!

मी हातभर अंतरावर उभी. हातात त्यांचाच चहा. कप सांडला नाही, बशी वाजली नाही. ठेवला, आत गेले, कपडे धुवायला घेतले. ह्यांचा पांढरा सदरा दगडावर जरा जास्तच आपटला. बटन उडालं. उडू दे.

१३ ऑगस्ट

इथं हाय कोण. – भाकरी थापताना तेच. शेळीला पाला टाकताना तेच.

२२ ऑगस्ट, पोळा

चंद्रभान भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, बैलं मिरवून पुरणपोळीला आले. "दादा, पुढच्या पोळ्याला होडीला पण झूल घालू, शिंगं रंगवू!" सगळे हसले. हे पण हसले. हसतेत, बोलतेत, पण माझ्याशी नाही.

आज लिहूनच टाकते. लग्न झालं तेव्हा म्हणले होते, पुढच्या पोस्टिंगला क्वार्टर मिळालं की तुला नेतो. क्वार्टर मिळालं. मग आईला कोण बघणार? आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, मी बघितलं. अंथरुणात सगळं केलं. त्या गेल्या तेव्हा हे जहाजावर. मग शिवकन्याची, आमच्या लेकीची, शाळा. मग तिची बारावी. मग म्हणले आता थोडीच नोकरी राहिली, कशाला उचलाउचल. शेत मी केलं. पेरणी, फवारणी, मजूर, आडत, सगळं मी. सुट्टी रद्द झाली की फोन यायचा. मी म्हणायचे, अहो, तुमी येणार म्हणला होतात. तर ठरलेलं उत्तर – "होतं कधी कधी." तीन शब्द! त्यावर काय बोलणार माणूस?

एकदाच गेले होते. विशाखापट्टणमला. शिवकन्या कडेवर होती. मी गेले आणि दुसऱ्याच दिवशी ह्यांचं जहाज निघालं. मी समुद्र बघितला तो कुणाच्या तरी गच्चीवर ह्यांची धुणी वाळत घालताना.

आता माणूस घरी आलाय म्हणून गाव मला नशीबवान म्हणतं. आलाय कुठं? परत जायची तयारी चालली आहे. समुद्र नाही तर येलदरी.

३१ ऑगस्ट

येलदरीला जाऊन आलो. हे, भाऊजी, आणि डबा धरायला मी.

धरण भरलंय. पाणी बघून डोळे निवतात, हे खोटं नाही. हे पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले, काठीनं तळ चाचपला. उथळ काठ, गाळ, बुडालेल्या बाभळींची खोडं. मग भाऊजींना समजावून सांगायले. होडी वाऱ्यानं आडवी सरकू नये म्हणून तिच्या पोटाखाली एक फळी असते. एकट्याचीत ती खाचेतून सरळ खाली घालायची, तळ लागायच्या आत हातानं वर ओढावी लागते. नाही ओढली तर तुटते. दोघांचीत ती फिरती असते, तळाला लागली की आपली आपण वर येती. पण दोघांची जड. ओढून ट्रेलरवर चढवायला माणसं लागतेत, आणि जिंतूर रोडच्या खड्ड्यातून तिला आणायचं म्हणजे ट्रेलर पण तसाच दणकट पाहिजे.

भाऊजी "हं, हं" करत होते. त्यांचं लक्ष डब्यावर होतं.

मी म्हणलं, "असा काठ असला तर दोघांचीच बरी की. फळी मोडायची भीती न्हाई."

हे वळून बघायले. "तुला काय कळतं त्यातलं?"

काय कळतं! हे झोपले की तेच व्हिडिओ मी पण बघते. इंग्रजी कळत नाही, पण हात काय करतेत ते दिसतं. पेडगावला माहेरी मी विहिरीच्या थारोळ्यावरून पाण्यात मुटके मारायची, पोरं घाबरायची मला. हे कुणाला माहीत आहे ह्या घरात? डबा उघडला. पिठलं गार झालं होतं, तेच वाढलं.

८ सप्टेंबर

ठरलं. एकट्याची.

"हलकी हाय. कुणाची गरज लागत न्हाई," म्हणले.

मी म्हणलं, "बरोबर हाय. तुमाला कुणाची लागली कधी?"

ते म्हणले, "वरणात मीठ कमी हाय."

२५ सप्टेंबर

आली. गावातली अर्धी पोरं अंगणात, शेळ्या बिथरल्या. नव्या गाडीला फोडतेत तसं भाऊजी नारळ घेऊन होडीच्या नाकावरच फोडायला निघाले. हे असे ओरडले! "अरे फायबर हाय ते, तडा जाईल!" मग ट्रेलरच्या हुकावर फोडला. चाकाखाली लिंबं ठेवली.

ओवाळायला मला बोलावलं. हो, त्याला मी लागते. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवलं. इतक्या वर्षांनी सवत आली आणि मीच तिला ओवाळलं, भर अंगणात, गावासमोर. बायकांनी पेढे खाल्ले. पेढे चांगले होते, जिंतूरचे.

२ ऑक्टोबर, दसरा

आज लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

ह्यांनीच सांगितलेलं होतं. रस्त्यानं नेताना डोलकाठी काढून आडवी बांधायची, वर तारा असतेत. स्वतःच्या तोंडानं! पण सकाळी भाऊजी आले हलगीवाले घेऊन. "दादा, नवा ट्रॅक्टर घेतला तर मारुतीला वाजवत नेतोत का न्हाई? मग हिलाच झाकून न्यायची व्हय? शीड उभारा. लोकाला दिसू तर द्या!" दोन-चार जणांनी री ओढली. आणि हे विरघळले. इतकी वर्षं गावानं ह्यांना पेटी घेऊन एसटीतून उतरतानाच बघितलंय. एकदा वाटलं असेल, बघू दे.

पुढं हलगी. मागं भाऊजींचा ट्रॅक्टर, त्याला ट्रेलर, त्यावर होडी, शीड उभं, डोलकाठीला झेंडूचा हार. हे आत उभे. पांढरा सदरा, एक हात डोलकाठीवर. काय लिहू – रुबाबदार दिसत होते. मी रागात होते तरी बघत राहिले.

डीपीजवळची विजेची तार खाली लोंबलेली आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. उसाची गाडी तिथून जायची असली की एक जण वर काठी घेऊन बसतो आणि तार उचलून धरतो. आज कुणाला आठवलं नाही. हलगीच्या नादात सगळे. डोलकाठी तारेत अडकली. आम्ही बाया ओरडलो, भाऊजींना ऐकूच गेलं नाही, ट्रॅक्टर तसाच पुढं. काठी खालून वाकली, होडी कलली, आणि हे वरून खाली. उजव्या खांद्यावर.

काठी ॲल्युमिनियमची. हे तिला धरून उभे होते.

लाईट गेलेली होती. सकाळपासून गेलेली. सणाच्या दिवशी लाईट नाही म्हणून पुरण वाटताना मी लाईटवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. माझे सगळे शब्द मी परत घेते.

मी रस्त्यातच बसले.

४ ऑक्टोबर

परभणी. खांद्याचं हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन, प्लेट टाकणार. डॉक्टर म्हणले उन्हाळ्यापर्यंत ह्या हातानं ओढाताण करायची नाही. ह्यांनी पहिला प्रश्न विचारला – "म्हणजे होडी?"

डॉक्टरला वाटलं गुंगीत बोलायलेत.

११ ऑक्टोबर

घरी आणलं. अंघोळ मी घालते, घास मी भरवते, सदऱ्याची बटनं मी लावते. ते उडालेलं बटन शिवलं शेवटी.

मनात काय आलं ते बोलायची सोय नाही म्हणून इथं लिहिते. मनात आलं – बरं झालं. आता कुठं जाल?

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

शिवकन्या पुण्याहून आली, घर जागं झालं. योगीराजनं ट्रॅव्हल्सनं पार्सल पाठवलंय. डोलकाठी दोन तुकड्यांची असते, एकात एक बसणारी. आपला खालचा तुकडा वाकला. त्यानं फोनवर सांगितलं, तसा मोठा तुकडा शिल्लक नाही, छोटा आहे, शीड पण त्याच मापाचं, लहान. हलक्या माणसाचं.

हे वैतागले. "मला काय कामाचं? माझं वजन पंच्याऐंशी किलो."

शिवकन्या म्हणाली, "अय्या, आईच्या मापाचं आलंय की!"

ती हसली, भाऊजी हसले, बबिता हसली. हे तर खांदा धरून हसले, डोळ्यात पाणी येईस्तोवर.

मी चकल्या तळत होते. एक घाणा जळाला.

६ नोव्हेंबर

आज म्हणलं, "मला शिकवा."

"काय?"

"होडी."

मला वरून खालपर्यंत बघितलं. मग म्हणले, "तुला पवायला येतं का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, आज विचारलं! मी म्हणलं, "पेडगावला मळ्यातल्या विहिरीत आमी शिवणापाणी खेळायचो. भर उन्हाळ्यात, पार तळापर्यंत बुडी मारून."

"कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी विचारलं?"

उठून अंगणात ट्रेलरपाशी गेले. तिथूनच म्हणले, उद्या चंद्रभानला सांगून चाकाला दगड लावून घे.

१० नोव्हेंबर

असा तमाशा गावानं बघितला नसेल. होडी ट्रेलरवर, ट्रेलर अंगणात, चाकाला दगड. मी होडीत, शिवकन्याची सलवार घालून. हे बाजेवर, हात गळ्यात बांधलेला. "वारा डावीकडून आला! दोरी सोड! डोकं वाकव!" वारा कुठला? झाडाचं पान हलत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकतेत म्हणतेत, इथं तर शेळ्या पण होत्या, बाजूला, रवंथ करत.

शिडाच्या खाली आडवा दांडा असतो, तो भाऊजींनी फिरवायचा आणि मी वाकायचं. एकदा चुकलं. कपाळावर एवढं टेंगूळ! बबितानं हळद लावली. "ताई, कशाला हे नाही ते? ह्या वयात?" मी म्हणलं, मग कोणत्या वयात?

१६ नोव्हेंबर

आज झालं एकदाचं.

मी जरा उशिरा वाकले. हे बाजेवरून ताडकन उठले. "हुकूम म्हणजे हुकूम! कानावर पडला की हललं पाहिजे! विचार नंतर!"

मी दोरी फेकली. "मी तुमच्या जहाजावरचा खलाशी न्हाई! असते तर संगं तरी नेलं असतं मला!"

भाऊजी गपचिप शेताकडं निघून गेले.

हे खाली बसले. हळू आवाजात म्हणले, "तिथं तुला करमलं नसतं."

"ते मी ठरवलं असतं की."

गळ्यातली पट्टी सारखी केली. मग माझ्याकडं न बघता बोलले. शब्द जसेच्या तसे लिहिते. "खरं सांगू का राजेश्री? मला तिकडं एकट्यालाच बरं वाटायचं. घरी आलो की जो तो काही ना काही मागायला. आई, चंद्रभान, गाव, तू. पाण्यात कुणी काही मागत न्हाई."

म्हणजे आत्याबाई, शाळा, बारावी, क्वार्टर – सगळं सोंग! मी इथं आत्याबाईंचे पाय दाबत वाट बघायची. आणि ह्यांना बरं वाटायचं! बरं!

मी काय मागितलं होतं हो? सोबत तर मागितली होती.

१७ नोव्हेंबर

बोलले नाही. जेवण पुढं सरकवलं. बटनं बबिताच्या पोराकडून लावून घ्या म्हणलं.

१९ नोव्हेंबर

होडीत जाऊन बसले. का, ते मला विचारू नये कुणी. हे बाजेवर आले. "वारा डावीकडून," म्हणले. ह्या वेळी ओरडले नाहीत. मी वाकले.

७ डिसेंबर

येलदरी. पहिल्यांदा पाण्यात. भाऊजींनी जीप चालवली, ट्रेलर उलटा घेत पाण्यात घातला, होडी अलगद तरंगली. हिला खरंच कुणी लागत नाही, दोन हातांनी ढकलली की जाती.

पण सोडली का मला? होडीला लांब दोर बांधला, दुसरं टोक भाऊजींच्या हातात. वासराला दावं लावतेत तसं! मासे धरणारे भोई काठावर उभं राहून मजा बघायलेत. एक म्हातारा म्हणला, "बाई, सैल धरा की जरा, जनावर अंगावर घेऊ नका." त्याचं बरोबर होतं. मी दोरी इतकी आवळून धरली होती की होडी आडवी झाली. पडले. परत चढले. परत पडले. नाकातोंडात पाणी गेलं तरी आतून हसू येत होतं, विहिरीतल्यासारखं. बऱ्याच वर्षांनी.

"पुरे आता," हे म्हणले.

"तुमाला पुरे," मी म्हणलं.

२१ डिसेंबर

दोर आज पण बांधला होता. जरा पुढं गेले आणि तो पाण्यातल्या बाभळीच्या खोडाला अडकला. भाऊजी ओढायलेत, निघेना. हे ओरडले, थांब, हलू नको. मी पुढं वाकले आणि होडीकडची गाठ सोडली. सोपी गाठ होती, ह्यांनीच शिकवलेली.

वारा आला. दोरी थोडी ओढली, होडी पळाली. छोटं शीड, माझ्या मापाचं, नीट भरलं. फळी खाली घातली, काठावर बसले, पाय खड्ड्यात. काठ मागं गेला, जीप लहान झाली.

मधी गेल्यावर सगळे आवाज थांबले. गिरणी नाही, हलगी नाही, "अगं ऐकलं का" नाही. कुणाला चहा द्यायचा नाही, कुणाचं बटन लावायचं नाही. होडीखालून पाणी चुळुकचुळुक करत होतं तेवढंच. माझ्यापुढं बसायला जागा नाही, मागं जागा नाही. कुणी म्हणलं असतं मला घे, तर घेताच आलं नसतं.

ह्यांचा आवाज आला. "फिर! आता परत फिर!"

ऐकू आलं. वळायचं कसं ते मला येतं. वळले नाही. अजून थोडं, म्हणलं. मग अजून थोडं.

तेव्हा ह्यांचं त्या दिवशीचं बोलणं कळलं, सगळंच्या सगळं. आणि कळलं म्हणून जास्तच राग आला. मला ते कळून घ्यायचं नव्हतं. मला ह्यांना दोष द्यायचा होता मरेपर्यंत. आता तो पण धड देता येईना.

ऊन उतरल्यावर परत आले. हे गुडघाभर पाण्यात उभे, गळ्यात हात, तोंड पांढरंफटक. "किती उशीर! जीव राहिला का इथं माझा?"

मी फळी वर ओढली. होडीतून उतरले.

"होतं कधी कधी," म्हणलं.

४ जानेवारी

सकाळी चहा ह्यांनी केला. डाव्या हातानं आणला, अर्धा बशीत. माझ्यासमोर बसले. मोबाईल आतच होता.

"योगीराजशी बोललो. दोघांची अजून तिथंच हाय. ही देऊन ती घेता येती. उन्हाळ्यापर्यंत माझा खांदा होईल. तू पुढं बस, मी मागं. दोघं जाऊ." माझ्याकडं बघून विचारलं, "कोणती ठेवावी?"

मलाच विचारलं. ह्या वेळी नक्की मलाच.

मी बशीतला चहा पिला. साखर जास्त झाली होती.

"हीच राहू द्या," म्हणलं. "हलकी हाय. कुणाची गरज लागत न्हाई."